पाकिटावर ‘निमॅटोड रेझिस्टंट’, तरी उन्हाळी टोमॅटोच्या मुळांना गाठी. बियाणं बोगस की आणखी काही?

कुकडीकाठ (जुन्नर)

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय नेमकं उत्तर मिळायचं नाही.

आमच्याकडे टोमॅटो वडिलांपासून आहे, माल नारायणगावला जातो. गेल्या वर्षी एका संकरित वाणाची पाकिटं घेतली. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत लिहिलंय, ‘एचआर: व्ही, एफ १-२, टीओएमव्ही’ आणि त्याखाली ‘आयआर: एमए, एमआय, एमजे’. दुकानदार म्हणाला, खालची तीन अक्षरं म्हणजे निमॅटोड (मुळांना गाठी करणारी सूत्रकृमी). ओढ्याकडच्या रानात आधी काकडी आणि वांगी व्हायची, तिथली माती हलकी, मुळांना गाठी ठरलेल्या. म्हणून मुद्दाम जास्त पैसे मोजून हे वाण घेतलं.

जुलैमध्ये त्या रानाच्या निम्म्या भागात लागवड केली. पीक उत्तम आलं. शेवटी झाडं उपटली तेव्हा मुळं पांढरी, केसाळ, एखाद-दुसरी बारीक गाठ सोडली तर स्वच्छ. त्याच लॉटची उरलेली पाकिटं घरात थंड जागी ठेवली होती. त्यांची रोपं करून फेब्रुवारीच्या शेवटी शेजारच्याच बेडवर लावली. ठिबक तेच, खत तेच, मल्चिंग पेपर तोच.

एप्रिलमध्ये दुपारी शेंडे माना टाकायला लागले. सकाळी झाड पुन्हा ताठ. पाणी वाढवून पाहिलं, काही फरक नाही. शेवटी एक झाड उपटलं. मुळं आल्याच्या गड्ड्यासारखी झाली होती, बारीक तंतू जवळजवळ नाहीतच. एक गाठ नखाने फोडली तर आत टाचणीच्या टोकाएवढे पांढरे चकाकणारे ठिपके.

चुलते म्हणतात, बियाणं बोगस आहे, तक्रार कर. कंपनीचा माणूस येऊन ‘पाणी जास्त झालं’ एवढंच सांगून गेला. मला दोन्ही पटत नाही. बोगस असतं तर जुलैला कसं चाललं? माझा खरा प्रश्न असा आहे की हा रेझिस्टन्स म्हणजे झाडात नेमकं काय असतं, जे जुलैत होतं आणि एप्रिलमध्ये नव्हतं?

माणदेशी_माळ

भाऊ, तक्रार द्याच. पंचनामा करून घ्या, पाकीट आणि पावती फेकू नका. आमच्याकडे डाळिंबाच्या बागा या निमॅटोडने बसल्यात. ‘रेझिस्टंट’ हा शब्द छापायला काय लागतं!

रोपवाली_ताई (जालना)

कुकडीकाठ दादा, तुम्ही तुलना फार चांगली मांडलीत. एकच लॉट, एकच रान, शेजारचे बेड, फक्त हंगाम वेगळा. मी बरीच वर्षं बियाणे कंपनीत रोगप्रतिकाराच्या चाचण्या घेण्याचं काम केलं आहे, आता रोपवाटिकांना सल्ला देते. तुमचं वर्णन वाचून मला बियाण्यावर अजिबात शंका येत नाही. मला शंका आहे ती मातीच्या तापमानावर. कारण सांगते, पण त्यासाठी त्या पाकिटावरच्या अक्षरांकडे नीट पाहावं लागेल.

आपल्याकडे ‘रेझिस्टंट वाण’ म्हटलं की काटक, दणकट झाड असं डोळ्यासमोर येतं. त्या अक्षरांचा काटकपणाशी संबंध नाही. जवळजवळ प्रत्येक अक्षरामागे एकेक प्रथिन आहे, आणि त्या प्रथिनाचं काम एका ठरावीक शत्रूला ओळखणं एवढंच. यांना रिसेप्टर प्रथिनं म्हणतात. ‘व्ही’ म्हणजे व्हर्टिसिलियम बुरशीची मर. त्यामागे व्हीई-१ नावाचा रिसेप्टर असतो. तो पेशीच्या बाहेरच्या पडद्यात बसलेला असतो आणि बुरशीने पेशींच्या मधल्या फटीत सोडलेलं एक प्रथिन पकडतो. ‘एफ’ म्हणजे फ्युजॅरियमची मर. त्यात एका जातीसाठी पेशीच्या पृष्ठभागावरचा रिसेप्टर आहे, तर दुसऱ्या जातीसाठी आय-२ नावाचा पेशीच्या आतला. ‘टीओएमव्ही’ म्हणजे टोमॅटो मोझॅक विषाणू, त्याचा रिसेप्टरही आतलाच. आणि तुमच्या निमॅटोडसाठी एमआय-१, हाही पेशीच्या आत (पाकिटावरचं ‘एमआय’ वेगळं, ते निमॅटोडच्या एका जातीचं नाव).

हे आत-बाहेर महत्त्वाचं आहे. बाहेरचे रिसेप्टर पेशीच्या भिंतीपाशी जे काही सांडलेलं असतं ते ओळखतात. आतले रिसेप्टर शत्रूने पेशीत टोचलेल्या मालावर प्रतिक्रिया देतात. आतल्या मोठ्या गटाला एनएलआर म्हणतात. १९९४ च्या सुमारास तंबाखू आणि अरॅबिडॉप्सिस नावाच्या मोहरीकुळातल्या छोट्या रोपात असे जीन पहिल्यांदा हाती लागले आणि मग रांगच लागली. टोमॅटोचा एमआय-१ हा १९९८ मध्ये वेगळा काढला गेला.

आता तुमच्या मुळात काय घडतं ते पाहा. मातीतलं सूत्रकृमीचं पिल्लू अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान. ते मुळाच्या टोकामागच्या कोवळ्या भागातून शिरतं, पेशींच्या मधून सरपटत मुळाच्या गाभ्यापर्यंत जातं आणि अन्नवाहिन्यांजवळच्या मोजक्या पेशी निवडतं. तोंडातल्या सुईने त्या पेशींत लाळ टोचतं. साध्या वाणात त्या पेशी मग फुगून प्रचंड होतात, एकेकीत कितीतरी केंद्रकं तयार होतात, आणि कीड जन्मभर तिथेच बसून झाडाचं अन्न ओढते. आजूबाजूचं मूळ सुजतं, ती तुम्हाला दिसलेली गाठ. आतले पांढरे ठिपके म्हणजे पूर्ण वाढलेल्या माद्या. एकेक मादी काही शे अंडी घालते. हवा गरम असली की महिन्याभरात पुढची पिढी तयार.

एमआय-१ असलेल्या मुळात पिल्लू शिरतं तसंच, सरपटतं तसंच. पण सुई टोचली की त्याच्या तोंडाशी असलेल्या पेशी साधारण दिवसभरात स्वतःहून मरतात. खायला पेशीच उरली नाही, मग पिल्लू उपाशी मरतं किंवा बाहेर पडतं. सूक्ष्मदर्शकाखाली असं मूळ मी अनेकदा पाहिलंय. किड्याच्या डोक्यापाशी तपकिरी मेलेल्या पेशींचा एक इवलासा डाग, आणि बाकी मूळ निरोगी. झाडाने आपल्या चार-दोन पेशी देऊन अख्खं मूळ वाचवलेलं असतं. इतक्या वर्षांनंतरही ते दृश्य पाहून मला आनंदच होतो.

आणि आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. माती साधारण २८ अंश सेल्सिअसच्या वर गेली की हा रिसेप्टर ढेपाळतो. ही काही नवी माहिती नाही. अमेरिकेत व्हिक्टर ड्रॉपकिन यांनी १९६९ मध्येच दाखवून दिलं होतं की तीच प्रतिकारक रोपं गरम जमिनीत वाढवली तर पेशी मरण्याची प्रतिक्रिया थांबते आणि गाठी येतात. पिल्लू मुळात शिरल्यानंतरचे पहिले दोन-तीन दिवस निर्णायक असतात. तेव्हा माती गरम असेल तर पिल्लू बस्तान बसवतं, आणि एकदा त्या मोठ्या पेशी तयार झाल्या की नंतर माती थंड होऊनही उपयोग नसतो.

२८ म्हणजे अगदी भिंत नव्हे. वाणागणिक थोडं पुढेमागे होतं, आणि रात्री माती निवत असेल तर काही अंशी प्रतिकार टिकतो. पण फेब्रुवारीअखेरची लागवड म्हणजे झाड लहान, बेडवर पानांची सावली नाही, वरून मल्चिंग पेपर आणि मार्च-एप्रिलचं ऊन. जुलैत मात्र ढगाळ हवा आणि ओली थंड जमीन. रिसेप्टर दोन्ही वेळा झाडात होताच. उन्हाळ्यात तो काम करू शकला नाही.

एक काम करा. साधा थर्मामीटर घ्या, दुपारी तीनच्या सुमारास बेडमध्ये चार इंच खोल खुपसून दहा मिनिटं ठेवा. एकदा मल्चिंगखाली, एकदा उघड्या बेडवर, आणि एकदा पहाटे. आकडे इथे टाका, मग पुढचं बोलू.

आणि तक्रारीबद्दल. ‘एचआर’ म्हणजे उच्च प्रतिकार, ‘आयआर’ याचा अर्थ मध्यम प्रतिकार. कीड पूर्ण रोखली जाईल असं ते अक्षर म्हणत नाही, साध्या वाणापेक्षा कमी वाढेल एवढंच म्हणतं. त्यामुळे तक्रार टिकणं अवघड. पण उन्हाळी लागवडीचं बियाणं विकताना मातीच्या तापमानाची गोष्ट ठळक मराठीत छापली पाहिजे, हे माझं ठाम मत आहे. काही कंपन्या माहितीपत्रकात छापतात, इंग्रजीत, शेवटच्या पानावर. पैसे शेतकऱ्याचे जातात, तर अट त्याच्या भाषेत आणि पाकिटावर हवी.

कुकडीकाठ (जुन्नर)

ताई, मनापासून आभार. इतकं उलगडून आजवर कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे दुसऱ्या कंपनीचं निमॅटोड रेझिस्टंट वाण घेतलं तर चालेल का? की सगळ्यांचं असंच?

रोपवाली_ताई (जालना)

बहुतेक सगळ्यांचं असंच, कारण जीन तोच. त्याचा इतिहास सांगण्यासारखा आहे. आपल्या टोमॅटोत हा गुण नव्हताच. पेरू देशाकडच्या एका रानटी टोमॅटोत, सोलॅनम पेरुव्हियानममध्ये, तो सापडला. दोघांचा संकर केला तर बी भरत नव्हतं, गर्भ मध्येच मरायचा. १९४४ मध्ये कॅलिफोर्नियात पी. जी. स्मिथ यांनी तो कोवळा गर्भ बियातून काढून काचेच्या नळीत पोषक द्रावणावर वाढवला आणि रोप जगवलं. आज बाजारात एमआय-१ घेऊन येणारी टोमॅटोची वाणं त्याच एका रोपाच्या वंशातली आहेत. जगभरचा निमॅटोड रेझिस्टंट टोमॅटो त्या एका वाचवलेल्या गर्भावर चाललाय. म्हणून कंपनी बदलली तरी रिसेप्टर तोच येतो.

फरक पडू शकतो तो इतकाच की काही संकरित वाणांत हा जीन एकाच पालकाकडून आलेला असतो, काहींत दोघांकडून. एकाकडून आलेला असेल तर प्रतिकार थोडा कमी पडतो, असं प्रयोगांत दिसलंय. पाकिटावरून हे कळत नाही, कंपनीला विचारावं लागतं. विचारा. विचारणारे वाढले तर तेही छापायला लागतील.

धानपट्टा_भंडारा

ताई, मध्येच विचारतो. आमच्या धानाला कडा करपा येतो. त्यावर सुधारित सांबा मसुरी आलं, त्यात तीन जीन घातलेत असं सांगतात. तेही असेच रिसेप्टर आहेत का? आणि तीन कशाला, एक का नाही?

रोपवाली_ताई (जालना)

दादा, छान विचारलंत. सुधारित सांबा मसुरी हे हैदराबादच्या सीसीएमबी (पेशी आणि रेणूजीवशास्त्राची संस्था) आणि तिथल्याच भात संशोधन संस्थेचं काम, २००८ मध्ये प्रसारित झालं. त्यातला एक्सए-२१ हा खरा रिसेप्टर, तोही पृष्ठभागावरचा. तो आफ्रिकेतल्या माली देशातून आणलेल्या रानटी भातात सापडला. १९९५ मध्ये पामेला रोनाल्ड यांच्या गटाने तो जीन वेगळा काढला, आणि तो कडा करप्याच्या जिवाणूचं नेमकं कोणतं प्रथिन ओळखतो हे कळायला २०१५ उजाडलं.

बाकीचे दोन, एक्सए-५ आणि एक्सए-१३, रिसेप्टर नाहीत. त्यांची तऱ्हा वेगळी. हा जिवाणू भाताच्या पेशीतली यंत्रणा स्वतःच्या सोयीने चालू करून घेतो, उदाहरणार्थ साखर बाहेर सोडणारा जीन. एक्सए-१३ मध्ये त्या जीनचं बटण असं बदललेलं आहे की जिवाणूला ते दाबताच येत नाही. एक जीन शत्रूला ओळखतो, बाकीचे दोन त्याला हवं ते मिळू देत नाहीत. तिघांना एकाच वेळी चुकवायला जिवाणूत एकदम अनेक बदल व्हावे लागतात, म्हणून तीन. टोमॅटोच्या निमॅटोडसाठी आपल्याकडे बाजारात अशी जोडी-तिकडी नाही, ही खरी अडचण.

डच_पाऊस (वागेनिंगन)

नमस्कार. मूळचा कोपरगावचा, इथे नेदरलँड्समध्ये वनस्पतींच्या याच आतल्या रिसेप्टरवर पीएचडी करतोय. ताईंनी मूळ गोष्ट सांगितलीच आहे, मी गरमीबद्दल थोडी भर घालतो.

हे फक्त एमआय-१ चं दुखणं नाही. तंबाखूतला ‘एन’ नावाचा रिसेप्टर तंबाखू मोझॅक विषाणूला ओळखतो. आम्ही विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेत हा प्रयोग करून दाखवतो. २२ अंशांच्या खोलीत पानावर विषाणू चोळला की दोन-तीन दिवसांत बारीक सुके ठिपके पडतात, विषाणू त्या ठिपक्यांतच अडकतो. तेच रोप ३० अंशांच्या खोलीत ठेवलं तर एकही ठिपका नाही, पान हिरवंगार, बघणाऱ्याला वाटतं झाड सुखात आहे. प्रत्यक्षात विषाणू झाडभर पसरलेला असतो. मग ते रोप पुन्हा थंड खोलीत आणतात. रिसेप्टर कामाला लागतो, जिथे जिथे विषाणू आहे तिथल्या सगळ्या पेशी मरायला लागतात, आणि बघता बघता कोवळे भाग कोसळतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी हादरलो होतो. रिसेप्टर किती ताकदीचा आहे आणि वेळ चुकली तर तीच ताकद कशी उलटते, हे त्या एका रोपात दिसतं.

२०१० मध्ये एका गटाने दाखवलं की गरमीचा हा कमकुवतपणा बऱ्याच अंशी रिसेप्टरच्या बांधणीतच आहे. ‘एन’ मध्ये छोटा बदल केल्यावर तो गरम हवेतही चालला. शिवाय २०२२ मध्ये अरॅबिडॉप्सिसवर असं दिसलं की २८ अंशांना झाडाची सॅलिसिलिक आम्ल बनवण्याची यंत्रणाच मंदावते, आणि ते आम्ल म्हणजे या संरक्षणातला मोठा निरोप्या. म्हणजे उष्णता एकाच जागी घाव घालत नाही.

एमआय-१ एकटा काम करत नाही हेही सांगतो. त्याला एनआरसी-४ नावाचा मदतनीस रिसेप्टर लागतो. एमआय-१ ने ओळखायचं, मदतनीसाने कारवाई करायची. ही कारवाई दिसते कशी, हे २०१९ मध्ये चीनमधल्या गटाने झेडएआर-१ या रिसेप्टरवर दाखवलं. जागे झालेले पाच रेणू एकत्र येऊन कडं बनवतात आणि पेशीच्या पडद्यात घुसतात. पुढे २०२१ मध्ये कळलं की ते कडं म्हणजे कॅल्शियम आत सोडणारं छिद्र आहे. एनआरसी-४ चं कडं सहा रेणूंचं असतं, हे २०२४ मध्ये समोर आलं. कॅल्शियम आत धावलं की पेशीच्या मरणाची प्रक्रिया सुरू होते. ताईंनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेला तो तपकिरी डाग इथून सुरू होतो.

आणि आशेची गोष्ट. रानटी टोमॅटोच्याच नात्यातल्या सोलॅनम आर्केनममध्ये एमआय-९ नावाचा भाऊबंद जीन आहे, आणि तो गरम मातीतही टिकतो. लागवडीच्या टोमॅटोशी त्याचा संकर सोपा नाही, म्हणून काम रखडलंय. पण महाराष्ट्र, आंध्र, कर्नाटक इथल्या उन्हाळी टोमॅटोसाठी खरं तर यावरच जोर लावायला हवा. गरम मातीत न चालणारा गुण आपण एप्रिलच्या जमिनीत वापरतोय, हे मला फार खटकतं.

कुकडीकाठ (जुन्नर)

आकडे घेतले. आज दुपारी तीनला, चार इंच खोल: मल्चिंगखाली, जिथे झाडं मेलीत आणि सावली नाही, ३४. मल्चिंगखालीच पण झाड दाट आहे तिथे ३०. बांधालगतच्या बेडवर उसाचं पाचट पसरलंय, पेपर नाही, तिथे २८ पेक्षा किंचित कमी. पहाटे सगळीकडे २५-२६.

विशेष म्हणजे पाचटाच्या बेडवरचं एक झाड उपटून पाहिलं. गाठी आहेत, पण कमी आणि लहान. बियाणं तेच. तुमचं म्हणणं डोळ्यांनी पाहिलं म्हणायचं.

आता दोन प्रश्न. एक, या उभ्या पिकाचं काय करू? दोन, गावात एक जण ‘झाडाची इम्युनिटी वाढवणारं’ औषध विकतोय. म्हणतो, कायटोसान आहे, झाडाचे रिसेप्टर जागे होतात. शब्द तोच, म्हणून विचारतो.

रोपवाली_ताई (जालना)

दादा, ३४ आणि २८ हे आकडे पाहून मला कुठलाही संशय उरला नाही. आणि पाचटाच्या बेडवर जाऊन तुम्ही स्वतः झाड उपटलंत, याचं फार कौतुक वाटलं.

आधी औषधाचं. त्यात थोडं खरं आहे, म्हणूनच सावध राहायला हवं. बुरशीच्या भिंतीत कायटिन असतं, आणि कायटिनचे तुकडे ओळखणारे रिसेप्टर झाडाच्या पेशींच्या पृष्ठभागावर खरोखर असतात. भातात असा एक रिसेप्टर २००६ मध्ये सापडला. जिवाणूच्या शेपटीतल्या फ्लॅजेलिन प्रथिनाचा २२ अमिनो आम्लांचा तुकडा ओळखणारा एफएलएस-२ हा त्याहून आधीचा, २००० सालचा. ही झाडाची पहिली पातळी. ती कुणा एका जातीपुरती नसते, बुरशी किंवा जिवाणू आल्याची सर्वसाधारण चाहूल घेते. कायटोसान हे कायटिनपासूनच बनतं, त्याने ती थोडी चाळवते. पण तुमचा एमआय-१ वेगळा, आतला, लाळ टोचल्यावरच जागा होणारा, आणि तो उष्णतेने निकामी झालाय. पानांवर फवारलेल्या औषधाने मुळातला गरम झालेला रिसेप्टर कामाला लागेल, असं समजायला काहीही आधार नाही. पैसे वाचवा.

उभं पीक. ज्या झाडांच्या मुळात मोठ्या गाठी भरल्यात ती सावरणार नाहीत, उपाय नाही. त्यांना पाणी जास्त देऊन मुळं कुजवू नका, थोडं थोडं पण वारंवार द्या, कारण तंतुमुळं उरलेली नाहीत. बरी असलेली झाडं वाचवायची असतील तर बेडवर पाचट किंवा गव्हाचं काड पसरा, मल्चिंग पेपरवरसुद्धा. तिथे नवीन फुटणाऱ्या मुळांत रिसेप्टर पुन्हा काम करेल, कारण तो खराब झालेला नाही, फक्त गरमीत चालत नाही. जुन्या गाठी मात्र तशाच राहतील.

तोडा संपला की झाडं मुळांसकट उपटून रानाबाहेर काढा. रोटाव्हेटरने तिथेच कालवू नका, कारण त्या गाठींत अंडी आहेत. मे महिन्यात रान पाणी देऊन ओलं करा, पारदर्शक प्लॅस्टिक अंथरून कडा मातीने दाबा आणि चार ते सहा आठवडे तापू द्या. उष्णतेने रिसेप्टर हरतो तसे निमॅटोडही मरतात, फक्त त्यांना त्याहून बरीच जास्त उष्णता लागते. निंबोळी पेंड आणि पर्प्युरिओसिलियम ही अंडी खाणारी बुरशी लागवडीआधी शेणखतातून द्या. पुढचं एक पीक झेंडूचं घ्या, आणि ओढ्याकडच्या त्या रानात काकडी-वांगी निदान दोन हंगाम नको.

हेच वाण पुन्हा लावणार असाल तर तिथे जुलैचीच लागवड ठेवा. उन्हाळी टोमॅटो हवाच असेल तर दुसऱ्या, भारी जमिनीच्या रानात, आणि पेपरऐवजी पाचट, किंवा निदान पेपरची चंदेरी बाजू वर. जंगली वांग्याच्या खुंटावर कलम केलेली रोपं आता काही रोपवाटिका देतात, त्याचाही विचार करा. तिथे प्रतिकार खुंटाच्या मुळाचा असतो, एमआय-१ वर अवलंबून नसतो.

एक गोष्ट कळकळीने सांगते. एमआय-१ चं वाण त्याच रानात लागोपाठ घेत राहिलात तर गरमी नसतानाही न जुमानणारे निमॅटोड हळूहळू वाढतात. अशा टोळ्या परदेशात अनेक ठिकाणी सापडल्यात. शिवाय मेलोइडोगायनी एन्टरोलोबी नावाची एक जात आहे, तिला हा रिसेप्टर ओळखतच नाही. दक्षिणेत पेरूच्या बागांत तिने मोठं नुकसान केलंय. तुमच्या शिवारात जवळपास पेरूची बाग असेल आणि तिथून रोपं किंवा माती आली असेल तर ही शक्यता तपासून घ्या. टीओएमव्हीचंच बघा. तो रिसेप्टर कित्येक दशकं अढळ होता, सगळे निर्धास्त होते, आणि २०१४ मध्ये इस्रायलमध्ये त्याच कुळातला नवा विषाणू आला तो त्याला सहज चुकवून गेला. एका प्रथिनावर अख्खं रान सोपवू नये.

म्हणून मुळांचा आणि मातीचा नमुना राहुरी विद्यापीठात सूत्रकृमी विभागाकडे द्या. गाठी असलेली मुळं ओल्या मातीसकट प्लॅस्टिक पिशवीत भरा, मातीचा थर वरचा दोन इंच सोडून सहा-आठ इंच खोलीवरून घ्या, रानात पाच-सहा ठिकाणची एकत्र करा. पिशवी उन्हात किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका, जिवंत निमॅटोड पोचले तर जात ओळखणं सोपं जातं. पिशवीवर आधीचं पीक, लागवडीची तारीख आणि हे मातीच्या तापमानाचे आकडे लिहा.

माणदेशी_माळ

ताई, वर मी तक्रार द्या म्हणालो होतो. तुमचं वाचून वाटतंय, आधी थर्मामीटर आणावा. डाळिंबालाही असा रिसेप्टर असलेलं वाण आहे का?

रोपवाली_ताई (जालना)

डाळिंबात एमआय-१ सारखा तयार गुण असलेलं लागवडीचं वाण आज आपल्या हातात नाही, दादा. तुमच्या बागेला रोपं निवडण्यापासून सुरुवात करावी लागेल, कारण गुटी कलमाच्या पिशवीतली मातीच बहुतेक वेळा निमॅटोड घेऊन येते. त्यासाठी वेगळा धागा काढा, बागेचं वय आणि माती लिहा, मी तिथे येते.